कामाची वाटणी

यवतमाळ जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांपैकी महागाव हा दक्षिणेकडचा तालुका. नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा महामार्ग तालुक्याच्या गावातून जातो आणि पैनगंगा ओलांडली की मराठवाडा सुरू होतो. कापूस, सोयाबीन, तूर ही इथली मुख्य पिके. पाण्याची सोय असेल तिथे ऊस. फुलसावंगी, गुंज, हिवरा अशी बाजाराची गावे, त्यांच्या अवतीभवती बंजारा समाजाचे तांडे आणि आंध आदिवासींच्या वस्त्या.

दसरा-दिवाळीच्या सुमारास तांड्यांवरच्या अनेक घरांना कुलपे लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी टोळीबरोबर ऊसतोडीला निघतात, काही कुटुंबे मोठ्या शहरांत बांधकामावर जातात. ती परततात गुढीपाडव्याच्या आगेमागे. अशा घरातली तिसरीतली मुलगी आईबापांबरोबर गेली, तर नोव्हेंबर ते मार्च तिच्या शिक्षणाची जबाबदारी कोणाची? कायद्याचे उत्तर सोपे आहे: शासनाची. पण ज्या शाळेच्या हजेरीपटावर तिचे नाव आहे ती शाळा महागाव तालुक्यात, आणि मुलगी कोल्हापूर किंवा सांगलीकडच्या उसाच्या फडात. दोन्हीकडचा शिक्षण विभाग एकच, पण मधल्या शेकडो किलोमीटरमध्ये ती कोणाच्याच नजरेत नसते. तिच्यावर नजर ठेवू शकतील अशी माणसे दोनच ठिकाणी सापडतात. एक, तिच्या तांड्यात; दुसरे, फडावर फिरणाऱ्या एखाद्या संस्थेत.

शिक्षण विभागाला समाजाची गरज का पडते, हे या एका मुलीवरून कळते. ही गरज मान्य असूनही अशी बहुतेक भागीदारी उद्घाटनाच्या फोटोपुढे का जात नाही आणि काही थोडी मात्र पिढ्या का घडवते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

जुनी भागीदारी, जिला आपण भागीदारी म्हणत नाही

महागाव तालुक्यातल्या प्राथमिक शिक्षणाचा सरकारी कणा असा आहे: यवतमाळला जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी, महागावच्या पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली बीट सांभाळणारे शिक्षण विस्तार अधिकारी, मग केंद्रप्रमुख आणि शेवटी गावचे मुख्याध्यापक. प्रशिक्षणासाठी जिल्ह्याची डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आणि तालुक्याचे गटसाधन केंद्र.

पण सातवी-आठवीनंतर चित्र बदलते. महाराष्ट्रातली बहुसंख्य माध्यमिक शाळा सरकारच्या नाहीत, संस्थांच्या आहेत. त्यांतल्या अनुदानित शाळांत इमारत आणि कारभार संस्थेचा, शिक्षकांचा पगार शासनाचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था पश्चिम महाराष्ट्रात, आणि डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत उभी केलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था विदर्भात, या वाटेने खेड्यापाड्यांत पोहोचल्या. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या मुलांसाठीच्या आश्रमशाळाही स्वयंसेवी संस्थाच चालवतात, शासन अनुदान देते. पुसद-महागाव पट्ट्यातल्या बंजारा कुटुंबांतली शिकलेली पहिली पिढी बरीचशी अशा वसतिगृहांतून आणि आश्रमशाळांतूनच बाहेर पडली.

तसाच शाळेतला पोषण आहार. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रात गावोगावच्या महिला बचत गटांनी ही चूल पेटवली. धान्य शासनाचे, शिजवणारे हात गावातल्या बायांचे आणि खाणारी पोरे त्यांच्याच घरची. ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे 'उमेद', राज्यात सुरू झाले तेव्हा सघन कामासाठी निवडलेल्या पहिल्या जिल्ह्यांत यवतमाळ होता. त्यामुळे या जिल्ह्यात बचत गटांचे जाळे दाट आहे.

या जुन्या व्यवस्था सर्वगुणसंपन्न आहेत असे नाही. संस्थांमधल्या शिक्षकभरतीच्या आणि आश्रमशाळांच्या दुरवस्थेच्या तक्रारी महाराष्ट्राला ठाऊक आहेत. तरीही त्या टिकल्या, कारण कोणी काय करायचे हे ठरलेले आहे. खिचडी शिजली नाही तर जाब कोणाला विचारायचा हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असते. मूल वाचायला शिकले नाही तर जाब कोणाला विचारायचा, हे मात्र कोणालाच नीट ठाऊक नसते. पुढची सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

कोसबाड आणि मुंबई

समाजाने आधी करून दाखवायचे आणि शासनाने ते उचलायचे, ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावल्या. वारली मुले शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. मुले गुरे राखायला जातात, म्हणून कुरणात शाळा भरवली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा 'अंगणवाडी' हे नाव देशभर गेले. महागावच्या तांड्यावरच्या अंगणवाडीताईच्या कामामागे या दोघींनी अंगणात बसून केलेली शिकवणूक आहे.

दुसरे उदाहरण मुंबईचे. १९९४ मध्ये मुंबई महानगरपालिका, युनिसेफ आणि शहरातल्या काही नागरिकांनी मिळून 'प्रथम' ही संस्था उभी केली. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे हे तिच्या संस्थापकांपैकी. झोपडपट्ट्यांत बालवाड्या काढायच्या होत्या, पण इमारतींना पैसे नव्हते. म्हणून देवळात, समाजमंदिरात, कोणाच्या घरच्या खोलीत, जिथे जागा मिळेल तिथे त्या भरल्या आणि शिकवणाऱ्या मुली त्याच वस्तीतल्या घेतल्या. पुढे महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' आल्या. वस्तीतलीच शिकलेली तरुणी वर्गात मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून वाचन आणि हिशेब शिकवी. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात या कामाची शास्त्रीय पद्धतीने तपासणी झाली आणि मुलांच्या गुणांत सुधारणा दिसली. ही तपासणी करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

दोन्ही ठिकाणी संस्थेने शासनाची जागा घेतली नाही. शासनाला जे सुचत नव्हते किंवा शासनाच्या चौकटीत बसत नव्हते, ते तिने छोट्या जागेत करून पाहिले. ते सर्वदूर नेण्याची ताकद मात्र शासनाचीच होती आणि आजही आहे.

जौनपूरचा धडा

संस्था आणि गाव दोघे उत्साहाने आले, तर काम होईलच का? याचे उत्तर देणारा अभ्यास २००५-०६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात झाला. शाळा व्यवस्थापन समितीशी संबंध असलेल्या प्रत्येकाने तो माहीत करून घ्यावा असा आहे.

तिथल्या २८० गावांत संशोधकांनी आणि प्रथमने मिळून पाहिले की गावाला शाळेच्या कामात ओढण्याचा कोणता मार्ग उपयोगी पडतो. आधीची परिस्थिती अशी की कायद्याने प्रत्येक गावात ग्रामशिक्षण समिती होती, पण बहुसंख्य पालकांना ती आहे हेच माहीत नव्हते. समितीच्या काही सदस्यांनाही आपण सदस्य आहोत याचा पत्ता नव्हता. मग तीन प्रकारे काम झाले. काही गावांत बैठका घेऊन समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत त्याच्या जोडीला, मुलांना किती वाचता येते हे गावकऱ्यांनी स्वतः कसे तपासायचे ते शिकवले आणि त्यांच्याकडून गावाचे प्रगतिपुस्तक तयार करून घेतले. तिसऱ्या प्रकारात या दोन्हींच्या जोडीला गावातल्या तरुण स्वयंसेवकांना वाचन शिकवण्याचे थोडके प्रशिक्षण दिले आणि त्यांनी शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग चालवले.

वर्षाने निकाल आले. पहिल्या दोन प्रकारांनी ना समित्या जाग्या झाल्या, ना मुलांचे वाचन सुधारले. तिसऱ्या प्रकारात वर्गाला आलेली मुले वाचायला लागली. गावात माणुसकी कमी होती, लोकांना पोरांची काळजी नव्हती, असा याचा अर्थ नाही. तरुण स्वयंसेवक मोठ्या संख्येने पुढे आलेच होते. पण 'शाळेकडे लक्ष द्या' एवढ्याने कोणाला काही करता येत नाही. 'रोज संध्याकाळी या दहा पोरांना तासभर असे शिकवा' म्हटले की करता येते.

यालाच मी कामाची वाटणी म्हणतो. भागीदारी सदिच्छेने सुरू होते, पण उद्या सकाळी कोणी काय करायचे हे ठरले तरच ती चालते.

या धड्याची दुसरी बाजू शासनाची आहे. हीच पद्धत, म्हणजे मुलांना इयत्तेनुसार न बसवता वाचनाच्या पातळीनुसार गट करून शिकवणे, पुढे सरकारी शाळांत नेली गेली. बिहारमध्ये शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिले, पण शाळेचे वेळापत्रक जसेच्या तसे ठेवले. फरक पडला नाही. सरकारी शिक्षकांनीच उन्हाळी सुट्टीत स्वयंसेवकांच्या सोबतीने शिबिरे घेतली, तेव्हा पडला. हरियाणात २०१२-१३ मध्ये शासनाने रोजच्या वेळापत्रकात या कामासाठी स्वतंत्र तास दिला, त्या तासाला इयत्तांच्या भिंती काढल्या आणि पर्यवेक्षकांना आधी स्वतः वर्गावर शिकवायला लावून मगच शिक्षकांच्या मदतीला पाठवले. हिंदी वाचनात सुधारणा झाली. उत्तर प्रदेशात शाळेच्या वेळेतच संस्थेच्या माणसांनी टप्प्याटप्प्याने सुमारे ५० दिवसांची शिबिरे घेतली, तिथे सर्वांत मोठी झेप दिसली.

शासनाने द्यायचे ते यातून स्पष्ट होते: वेळापत्रकात हक्काची जागा आणि काम समजून घेतलेला पर्यवेक्षक. या दोन गोष्टी कोणतीही संस्था कितीही पैसे आणून निर्माण करू शकत नाही. त्या फक्त शिक्षण विभागाच्या हातात आहेत.

सात टेबले

महाराष्ट्रात कामाची अशी वाटणी जवळून पाहायची असेल, तर जून महिन्यात जिल्हा परिषदेच्या कोणत्याही प्राथमिक शाळेतला शाळापूर्व तयारी मेळावा पाहावा. 'पहिले पाऊल' या नावाने राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि प्रथम यांनी २०२२ मध्ये तो राज्यभर सुरू केला. पहिला मेळावा शाळा सुटण्याआधी एप्रिलच्या सुमारास, दुसरा शाळा उघडताना. पहिलीत दाखल होणारी मुले आणि त्यांच्या आया, त्यांच्यासाठी हा सोहळा.

सकाळी प्रभातफेरी निघते. शाळेच्या आवारात किंवा वर्गात सात टेबले मांडलेली असतात. पहिल्यावर नोंदणी, तिथेच मुलाच्या हातात विकासपत्र येते. दुसऱ्यावर शारीरिक विकास: उडी मारणे, रेषेवरून चालणे, मणी ओवणे, कागदाची घडी घालणे. तिसऱ्यावर बौद्धिक विकास: रंग-आकारानुसार वस्तू वेगळ्या करणे, क्रम लावणे. चौथ्यावर सामाजिक आणि भावनिक विकास: स्वतःचे नाव सांगणे, घरच्यांविषयी बोलणे. पाचव्यावर भाषा: चित्र पाहून काय दिसते ते सांगणे, गोष्ट ऐकणे. सहाव्यावर गणनपूर्व तयारी: कमी-जास्त, लहान-मोठे, वस्तू मोजणे. सातव्यावर आईशी बोलणे. कोणती गोष्ट मुलाला स्वतःहून जमते आणि कशाला मदत लागते याची विकासपत्रावर नोंद झालेली असते. घरी काय करून घ्यायचे ते त्यावरून आईला दाखवतात.

मग मेळाव्याचे खरे काम सुरू होते. शेजारपाजारच्या पाच-सहा आयांचा एक माता गट होतो आणि त्यांच्यातली एक पुढारपण करते. फोनवर आठवड्याची कृती येते, छापील कार्डे मिळतात. भेंडी चिरताना तुकडे मोजायचे, भाकरी छोटी की मोठी हे विचारायचे, डाळीतून खडे निवडताना वर्गीकरण करायचे. साक्षर नसलेली आईही हे करू शकते, आणि योजनेचे मोठेपण यात आहे. पोराला अक्षर शिकवणे आपल्याला जमणार नाही असे जिला आयुष्यभर वाटत आले, तिला एप्रिलमध्ये न ओवता आलेले मणी पोराने जूनमध्ये ओवलेले तिच्या डोळ्यांनी दिसतात.

वाटणी पाहा. साहित्य आणि पद्धत संस्थेची, यंत्रणा शिक्षण विभागाची, मेहनत अंगणवाडीताई आणि पहिलीच्या शिक्षकांची, रोजचा सराव आयांचा. प्रत्येकाला आपल्या वाट्याचे माहीत आहे आणि निकाल तपासायला तज्ज्ञ लागत नाही.

महागावसारख्या तालुक्यात या मेळाव्याचा आणखी एक उपयोग करता येतो. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, शाळा मराठी. बाईंनी 'हे काय आहे?' विचारले आणि मूल गप्प राहिले, तर त्याला वस्तू कळत नाही असे नसते; त्याला प्रश्नच कळलेला नसतो. पाचव्या टेबलावर तांड्यातली एखादी शिकलेली मुलगी बसली आणि तिने गोरमाटीत विचारले, की तेच मूल भडाभडा बोलू लागते. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० सुरुवातीच्या शिक्षणात घरच्या भाषेवर भर देते. तो भर शाळेत आणू शकणारे माणूस शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात सापडणार नाही, ते तांड्यातच आहे.

निर्णय कोणाचा?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे कलम २१ सांगते की शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित गटांतल्या पालकांना प्रमाणात जागा मिळावी. कलम २२ नुसार शाळेचा विकास आराखडा ही समिती तयार करते. म्हणजे कायद्याने गाव पाहुणे राहिले नाही, कारभारात आले.

प्रत्यक्षात काय होते? अनेक गावांत मुख्याध्यापक इतिवृत्त लिहितात आणि वही सह्यांसाठी घरोघर फिरते. शाळास्तरावरच्या समित्याही इतक्या वाढल्या की मुख्याध्यापकांचा वेळ त्यांच्या नोंदवह्यांत जाऊ लागला. अखेर २०२५ मध्ये शासनाने अनेक समित्या एकमेकींत विलीन केल्या. समितीच्या बैठकीला लोक येत नाहीत ही तक्रार खरी आहे. पण ज्या बैठकीत ठरवण्यासारखे काही नाही, तिथे मजुरी बुडवून कोणी का यावे?

समितीच्या हातात खरा निर्णय असला की काय होते, हे मोफत गणवेशाच्या प्रकरणात दिसले. समग्र शिक्षा योजनेतून एका मुलाच्या दोन गणवेशांसाठी ६०० रुपये येत. शाळा व्यवस्थापन समिती कापड ठरवी, गावातल्या किंवा जवळच्या बाजारातल्या शिंप्याकडे माप जाई. पैसे थोडे होते, कुरबुरीही होत्या, पण गणवेश पोराच्या अंगाला बसे आणि नाही बसला तर शिंपी समोरच होता. २०२४-२५ मध्ये राज्याने 'एक राज्य, एक गणवेश' ठरवले. कापड एकाच ठिकाणाहून कापून पाठवायचे आणि महिला बचत गटांनी शिवायचे, अशी रचना केली. बचत गटांना काम मिळावे हा हेतू चांगला होता. पण शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी अनेक ठिकाणी गणवेश पोहोचले नाहीत, आले ते मापात बसेनात. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले.

इथे बचत गटही समाजाचाच आणि समितीही समाजाचीच. फरक एवढाच की एका रचनेत गावाच्या वाट्याला फक्त शिलाई आली, दुसरीत निर्णयही आला. गावाला मजूर म्हणून घेतले की गाव मजुरीपुरतेच काम करते. निर्णय दिला की जबाबदारी घेते.

देणगीदारांनाही हीच कसोटी लावावी. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने दत्तक शाळा योजना आणली. कंपन्या, विश्वस्त संस्था किंवा व्यक्तींनी पाच किंवा दहा वर्षांसाठी सरकारी शाळेचे पालकत्व घ्यावे, रोख रक्कम न देता वस्तू आणि सेवा द्याव्यात, अशी ती योजना. सरकार जबाबदारीतून अंग काढून घेत आहे, असा विरोध तेव्हा झाला आणि ती भीती निराधार म्हणता येणार नाही. शाळेला संगणक, बाक, स्वच्छतागृह मिळाले तर हवेच आहेत. पण काय हवे ते शाळा व्यवस्थापन समितीने विकास आराखड्यात लिहायचे आणि देणगीदाराने त्यातून निवडायचे, हा क्रम उलटा होता कामा नये. स्वच्छतागृहात पाणी नाही म्हणून मोठ्या मुली दुपारनंतर घरी जातात, ही गोष्ट आईला माहीत असते. दूरच्या कार्यालयात बसलेल्या देणगीदाराला स्मार्ट टीव्ही सुचतो.

दोन गावांमधले मूल

आता परत फडावरच्या मुलीकडे. तिच्यासाठी महाराष्ट्राने बरेच उपाय केले आणि प्रत्येकात संस्थांचा हात आहे. या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादच्या 'जनार्थ' या संस्थेने साखर कारखान्यांच्या परिसरात, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांजवळ साखरशाळा चालवल्या. पुण्यात आणि मुंबईत रजनी परांजपे यांच्या 'डोअर स्टेप स्कूल'ने बांधकामांवरच्या मुलांपर्यंत वर्ग नेले. शिक्षण हक्क कायदा आल्यावर प्रत्येक मूल नियमित शाळेतच असावे असे ठरले आणि साखरशाळांचे काम मागे पडले. हक्काच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण पहाटे आई-बाप फडात गेल्यावर पाळण्यातल्या भावंडाला सांभाळणारी आठ वर्षांची मुलगी दोन-तीन किलोमीटरवरच्या शाळेत आपोआप पोहोचत नाही. शाळेचे दार उघडे असून भागत नाही, दारापर्यंत नेणारे कोणी तरी लागते.

कायद्याचे कलम ४ मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देते. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, असे कलम ५ सांगते. याच आधारावर स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी पत्रक दिले जाते. मूल कोणत्या इयत्तेत आहे, त्याला काय येते, हे त्यावर लिहिलेले असते. ते दाखवले की नव्या गावची शाळा त्याला बसवून घेते. दुसरा उपाय हंगामी वसतिगृहाचा. आई-बाप गेले तरी मूल गावीच राहते, आजी-आजोबांच्या नजरेखाली, आणि त्याच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था शाळेत होते. ती चालवायची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीची. तिसरा उपाय 'बालरक्षक' शिक्षकांचा, जे स्वतःहून शाळाबाह्य मुलांचा माग काढतात आणि मूल पोहोचले त्या जिल्ह्यातल्या बालरक्षकाला कळवतात.

हे तिन्ही उपाय एका क्षणावर अवलंबून आहेत: घर सुटण्याआधीचे दोन-चार दिवस. टोळी कधी निघणार, कोणत्या कारखान्याला जाणार, कोणाचे मूल बरोबर जाणार आणि कोणाचे आजीकडे राहणार, हे शाळेला गाडी गेल्यावर कळते. तांड्याच्या नायकाला, बचत गटातल्या बायांना, शेजारणीला मात्र आधी कळते. ती माहिती चार दिवस आधी मुख्याध्यापकांकडे आली तर हमी पत्रक हातात पडते, फोन होतो, वसतिगृहाच्या यादीत नाव चढते. उशिरा आली तर कायदा कागदावर राहतो. राज्य स्तरावरच्या कोणत्याही प्रणालीपेक्षा या तालुक्यात ही चार दिवसांची आघाडी मोलाची आहे, आणि ती फक्त गाव देऊ शकते.

संस्था गेल्यावर

संस्थांच्या कामाची एक मर्यादा मोकळेपणाने सांगितली पाहिजे. त्यांना निधी बहुधा दोन-तीन वर्षांसाठी मिळतो. इकडे अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. नव्या साहेबांना जुना उपक्रम माहीत नसतो आणि नव्या संस्थेला आपला वेगळा उपक्रम हवा असतो. मग एकाच शिक्षकाला तीन संस्थांच्या तीन ॲपवर तीच माहिती भरावी लागते आणि शिकवण्याचा वेळ तेवढा आटतो. प्रत्येक सामंजस्य कराराआधी शिक्षण विभागाने दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: या कामासाठी शिक्षकाचे कोणते जुने काम कमी होणार? आणि तीन वर्षांनी तुम्ही गेल्यावर गावात काय उरणार?

उरण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे गावाला स्वतः तपासता येण्याजोगी कसोटी. 'असर' सर्वेक्षण २००५ पासून हेच करत आले आहे. प्रत्येक जिल्ह्यात ३० गावे, प्रत्येक गावात २० घरे, आणि मुलापुढे एकच पान: अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, कोरोनानंतर २०२२ मध्ये १६.३ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर पोहोचली. पडझड भरून निघाली, याचे श्रेय बरेचसे पायाभूत साक्षरतेवरच्या देशभरातल्या भराला दिले जाते. पण चारपैकी तीन मुले अजून तिथे नाहीत, हेही तोच आकडा सांगतो. आपल्याकडे चावडी वाचनाचा उपक्रम आहे, त्यात मुले गावापुढे उभी राहून वाचतात. तो उत्सव म्हणून न घेता तपासणी म्हणून घेतला, तर प्रत्येक गावाचा स्वतःचा आकडा तयार होतो. अडखळणाऱ्या मुलाला मात्र गावापुढे उभे करू नये. त्याला शिक्षकाने किंवा आईने जवळ बसवून ऐकावे.

महागाव तालुक्यातल्या कोणत्याही तांड्याच्या शाळा व्यवस्थापन समितीला नव्या योजनेची किंवा नव्या संस्थेची वाट न पाहता पुढच्या बैठकीत तीन ठराव करता येतील. पहिला: दर महिन्याच्या बैठकीच्या सुरुवातीला पहिली ते पाचवीतली किती मुले परिच्छेद वाचतात हा एकच आकडा इतिवृत्तात लिहायचा. दुसरा: तांड्यातल्या दोन शिकलेल्या तरुणींना किंवा तरुणांना रोज तासभर मागे पडलेल्या मुलांसाठी ठरवून द्यायचे, आणि शाळेने त्यांना जागा, फळा आणि पुस्तके द्यायची. तिसरा: दसऱ्याच्या आधी बचत गटाच्या मदतीने स्थलांतर करणाऱ्या घरांची यादी करून मुख्याध्यापकांच्या हातात द्यायची. यांपैकी एकाही ठरावाला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. शिक्षण विभागाच्या वाट्याला मग एवढेच उरते: गटशिक्षणाधिकाऱ्यांनी शाळाभेटीत हे तीन ठराव मागून पाहायचे आणि वेळापत्रकातला तो एक तास कोणाला मोडू द्यायचा नाही.